फुकटची निळी बॅग आणि शंभर पॉइंट

मित्रांनो, माझ्यासाठी कोणी कधी एक पैसा मोजला नाही, आणि तरीही कित्येक वर्षं मी या घरातली सगळ्यात महाग वस्तू होते. हे कोडं नाही, हिशेब आहे. तो सांगायचा तर माझी सगळी हकीकत सांगावी लागेल. मी एक जुनी निळी बॅग आहे. मला दोन चाकं आहेत, वर-खाली होणारा दांडा आहे, आणि पुढे एक कप्पा आहे. या कप्प्यात कपडे कधीच ठेवले गेले नाहीत. त्यात एक फाइल होती, तिच्याबद्दल पुढे सांगते.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. एका दिवसात आम्ही आठशे बहिणी जन्मलो. शेडच्या दुसऱ्या टोकाला दुकानात जाणाऱ्या बॅगा शिवत होते. त्यांना जाड चेन आणि दुहेरी शिवण होती. आमच्या टेबलावरची बाई मात्र नव्या मुलीला सांगत होती, "या भेटवस्तूतल्या आहेत गं. एकेरी शिवण चालेल." तेव्हा मला वाईट वाटलं नाही, कारण भेटवस्तू म्हणजे काहीतरी मानाचं असेल अशी माझी समजूत होती.

तिथून मी एका थंडगार सभागृहात आले. आम्हाला रिबिनी बांधून मंचावरच्या एका टेबलावर ओळीने उभं केलं होतं. खाली गोल टेबलं होती आणि प्रत्येक टेबलाशी एक नवरा-बायको आणि एक टायवाला साहेब. गाणी इतकी मोठ्याने लावलेली की नवरा-बायकोला आपसात दोन शब्द बोलता येऊ नयेत. सगळ्यांना फोन आला होता, "अभिनंदन, तुमची निवड झाली आहे. दोन तास या आणि भेटवस्तू घेऊन जा." निवड सगळ्यांचीच झाली होती. पण हे मला वरून दिसत होतं, त्यांना खालून दिसत नव्हतं.

सातव्या टेबलावर माझं घर बसलं होतं. त्या घरातली सहा वर्षांची मुलगी आई-बाबा म्हणायची, म्हणून मीही त्यांना आई-बाबाच म्हणते. मुलीला सगळे मुंगी म्हणायचे, कारण साखरेचा डबा कुठेही लपवला तरी ती त्याच्यापर्यंत पोचायची. आई शाळांचे गणवेश शिवते. बाबा दात तयार करतात. डॉक्टर नाहीत हं ते. डॉक्टर माप घेऊन प्लास्टरचा साचा पाठवतात, आणि बाबा लॅबमध्ये बसून त्यावर दात घडवतात. काम इतकं बारीक की केसाएवढा फरक पडला तरी माणूस चावताना कळवळतो. म्हणून बाबा सगळंच तीनदा तपासतात. घराचं कुलूपही.

साहेबाने पॉइंटांची गोष्ट सांगितली. मित्रांनो, तुम्हालाही सांगते, सोपी आहे. तीन लाख एकदा भरायचे. पुढची पंचवीस वर्षं दरवर्षी शंभर पॉइंट मिळणार. ते देऊन कंपनीच्या डोंगरातल्या किंवा समुद्राकाठच्या घरांत राहायचं. शांत दिवसांत रात्रीला दहा पॉइंट.

"म्हणजे वर्षाला दहा रात्री!" साहेब म्हणाला. "तेही स्वतःच्या घरात राहिल्यासारखं."

"आणि गर्दीच्या दिवसांत?" आईने विचारलं.

"तेव्हा जरा जास्त लागतात," साहेब म्हणाला आणि पान उलटलं. उलटलेल्या पानावर लिहिलं होतं, रात्रीला पंचवीस. शिवाय दरवर्षी देखभालीची वर्गणी वेगळी, आणि ती किती वाढेल ते कंपनी ठरवणार.

आईने टेबलाखालून बाबांच्या पायावर पाय दिला. बाबाही उठायच्याच बेतात होते. तेवढ्यात साहेब तोंड भरून हसला, आणि बाबा होते तसेच बसले.

साहेबाचा वरचा, समोरचा, डावा दात बाबांनी केलेला होता.

शेजारच्या खऱ्या दातावर कणीएवढा पांढरा ठिपका होता, म्हणून बाबांनी तसाच ठिपका आपल्या दातावरही मुद्दाम ठेवला होता. तीन वेळा भट्टीत घातला तेव्हा तो जमला. बाबांनी हजारो दात केले, पण ते ज्यांच्या तोंडात गेले ती माणसं त्यांनी कधी पाहिली नव्हती. त्यांना फक्त साचे माहीत आणि चिठ्ठीवरचे आकडे. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचं काम त्यांच्याकडे बघून हसत होतं.

बाबांनी सही केली. घरी जाताना त्यांनी खुलासा केला. "अगं, माझा दात आहे त्याच्या तोंडात. असा माणूस खोटं कसं बोलेल?"

"दात तुमचा आहे हो," आई म्हणाली, "जीभ त्याचीच आहे ना!"

त्यांच्या मागून मी खडखडत चालले होते. घरी आल्यावर आईने मला उलटंपालटं करून पाहिलं, शिवणीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "एकेरी आहे." मग स्वतःच हसली. "असू दे. धर्माची गाय आणि दात का गं नाय!" दुसऱ्या दिवशी तिने माझ्या सगळ्या शिवणी मशीनवर घालून दुहेरी केल्या. मित्रांनो, आज मी तुमच्याशी बोलते आहे ती त्या शिवणींमुळे. माझ्या आठशे बहिणींपैकी किती उरल्या असतील, कोण जाणे.

पहिली दोन वर्षं माझे फार लाड झाले. आम्ही समुद्राकाठच्या घरी गेलो. तिथे माझ्या हँडलला लाल दोरीचा टॅग बांधला, त्यावर खोलीचा नंबर होता. मुंगीने तो काढू दिला नाही. पुढच्या वर्षी दुसरा आला. पाहुण्यांना मला दाखवून सांगितलं जाई, "ही आमच्या सुट्टीची बॅग." सुट्टी होती मात्र चारच रात्रींची, कारण मुंगीची शाळा बंद असायची तेव्हाच गर्दीचे दिवस असायचे, आणि पंचवीस चोक शंभर.

पण खरी अडचण निराळीच होती, आणि ती तीनदा कुलूप तपासणाऱ्या माणसाच्या लक्षात आली नव्हती. शाळेला सुट्टी लागली की आईचा हंगाम सुरू होतो. शाळा उघडायच्या आत तिला चारशे गणवेश द्यायचे असतात. म्हणजे मुंगीला सुट्टी तेव्हा आईला मान वर करायला वेळ नाही, आणि आईला वेळ तेव्हा मुंगीला शाळा. बाबांनी नेमक्या त्या दिवसांची सुट्टी विकत घेतली होती, ज्या दिवसांत आई सुट्टी घेऊच शकत नव्हती.

तरी आम्ही जायचो. माझ्या पोटात वाळूत खेळायचे कपडे कमी आणि बटणं लावायचे शर्ट जास्त असायचे. बाबा आणि मुंगी पाण्यात, आणि आई गॅलरीत खुर्ची टाकून काजं करत बसलेली. चौथ्या रात्रीनंतर तिचा जीव थाऱ्यावर राहायचा नाही. कधी तर मोठ्या शाळेची ऑर्डर यायची आणि जाणंच रद्द व्हायचं. न वापरलेले पॉइंट पुढच्या वर्षापर्यंत जिवंत राहायचे, मग जळायचे. जळणे हा कंपनीचाच शब्द. आई चार रात्रींपलीकडे मशीन सोडून राहिलीच नाही, त्यामुळे साठलेले पॉइंट कधी कामी आले नाहीत.

तिसऱ्या सहलीत एका पायरीवर माझं उजवं चाक फुटलं. "बघू नंतर," बाबा म्हणाले. त्यानंतर मी लंगडतच चालले. पाचव्या टॅगनंतर मला माळ्यावर ठेवलं, पिंप आणि जुन्या पंख्याच्या मधे. पुढच्या कप्प्यात ती फाइल होती: करार, पावत्या, आणि साहेबाने स्वतःच्या हाताने 'दहा रात्री' लिहून त्याखाली दोन रेघा मारलेला कागद. वर्षातून एकदा हात वर यायचा, वर्गणीची नवी पावती आत सारायचा आणि जायचा. मला कोणी खाली घेत नव्हतं. दोन वर्षं मी फक्त पावत्या खाल्ल्या.

मग एका शनिवारी फोन आला. तोच साहेब, आता मोठा साहेब झालेला. माळ्याचं दार उघडंच होतं, आणि बाबा फोन नेहमी मोठ्या आवाजावर ठेवतात.

"तुमचे पॉइंट कमी पडतात, म्हणून तुम्हाला जाता येत नाही. दोन लाख भरा, वर्षाला दोनशे मिळतील. सोमवारपर्यंतच आहे हं ही सवलत. आणि एक सुंदर लाल बॅग भेट!"

मी घाबरले. लाल बॅगेमुळे थोडं, पण जास्त त्या दोन लाखांमुळे. ते दोन लाख मला माहीत होते. बाबांनी सहा वर्षं जमवून ते स्वतःच्या भट्टीसाठी ठेवले होते. दात भाजायची भट्टी आली की दुसऱ्याच्या लॅबमधली नोकरी सोडायची आणि घराच्या पुढच्या खोलीत स्वतःचं काम सुरू करायचं, असा बेत होता. आणि तरीही बाबांनी फोनवर "नाही" म्हटलं नाही. "सोमवारी कळवतो," म्हणाले.

रविवारी दुपारी आईने मला माळ्यावरून खाली काढलं. ओल्या फडक्याने पुसलं, आपल्या कापडं बेतायच्या टेबलावर ठेवलं आणि फाइल काढली. मुंगी आता पंधरा वर्षांची, तीही येऊन बसली.

"अहो, या इकडे. दात करताना साचा तपासता ना? मग हाही तपासू."

"कॅलक्युलेटर आणू?" मुंगीने विचारलं.

"नको. कापडासारखा करू हिशेब." आईने खडू उचलला. "आणलं किती, अंगाला लागलं किती, चिंध्या किती. चिंध्या मोजल्याशिवाय कापड स्वस्त की महाग ते कळत नाही."

टेबलावर तिने लिहिलं: नऊ वर्षांत आलेले पॉइंट नऊशे.

"वापरले किती?"

बाबा पावत्या चाळू लागले. मुंगीने सरळ माझं हँडल उचललं आणि टॅग मोजले. "पाच. प्रत्येक वेळी चार रात्री. वीस रात्री, पाचशे पॉइंट."

"तीनशे जळाले," आई लिहीत म्हणाली, "आणि शंभर अजून जिवंत आहेत. आता पैसे. तीन लाख पंचवीस वर्षांचे, म्हणजे वर्षाला बारा हजार. नऊ वर्षांचे एक लाख आठ हजार. वर्गणीच्या पावत्या?"

मुंगीने बेरीज केली. "एक लाख बारा."

"झाले दोन लाख वीस हजार. भागिले वीस रात्री."

खडू थांबला. रात्रीला अकरा हजार. मुंगीने फोनवर तेच घर, तेच गर्दीचे दिवस पाहिले. सभासद नसलेल्या कोणालाही ती खोली साडेपाच हजारांना मिळत होती.

"पण सगळे पॉइंट वापरले असते तर?" बाबा म्हणाले.

आईने तेही केलं. तिचं हे मला आवडतं. आपल्याला हवं ते उत्तर आलं म्हणून ती खडू खाली ठेवत नाही. गर्दीच्या दिवसांत सगळे वापरले असते तर छत्तीस रात्री, रात्रीला सहा हजारांवर. तरी बाहेरच्यापेक्षा महागच. शांत दिवसांत सगळे वापरले असते तर नव्वद रात्री, आणि मग रात्र अडीच हजारांच्या आत. बाहेर त्या दिवसांत बत्तीसशे.

"म्हणजे साहेब खोटं बोलला नव्हता," बाबा जरा सावरून बसले.

"नव्हता. ज्यांना शाळा नाही, शिवण नाही, वाटेल तेव्हा उठून जाता येतं, त्यांच्यासाठी चांगलं कापड आहे हे. आपल्या मापाचं नाही, एवढंच."

"पण तीन लाख तर भरून झालेत. ते सोडून द्यायचे?"

"कापलेलं कापड परत ठाणाला जोडता येतं का? ते विसरा. आता फक्त पुढचं बघू. वर्गणी सतरा हजार झाली. चार रात्रींना बाहेर लागतील बावीस. गेलो तर पाच वाचले, नाही गेलो तर सतरा बुडाले. नऊ वर्षांत पाचदा गेलो, चारदा नाही. वाचले पंचवीस, बुडाले अडुसष्ट. आणि वर्गणी वाढतच जाणार. शंभर वापरून होत नाहीत, त्याला औषध काय, तर म्हणे आणखी शंभर घ्या, आणि वर्गणीही दुप्पट भरा! चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला!"

मुंगी खुदकन हसली. बाबा हसले नाहीत. ते माझ्या हँडलवरचे टॅग चाळवत होते.

"हिशेब कळतो गं मला," ते शेवटी म्हणाले. "दोन वर्षांपूर्वीच कळला होता. पण पॉइंट जळतात म्हणून तरी तू मशीनवरून उठतेस. नाहीतर लग्न झाल्यापासून तू एकदा तरी आपणहून उठली आहेस का? हे सोडलं की तू कुठे म्हणून जाणार नाहीस. मला माहीत आहे."

आई हातातल्या खडूकडे बघत बसली. मित्रांनो, नऊ वर्षं मी त्या फाइलचं ओझं वाहिलं, पण त्या करारात खरं काय विकत घेतलं होतं ते मला त्या रविवारी कळलं. भट्टीचे पैसे ते लाल बॅगेसाठी देणार नव्हते, आणि साहेबाच्या दातासाठीही नाही. आईच्या चार रात्रींसाठी देणार होते.

"वेडे आहात," आई म्हणाली. "त्यासाठी दोन लाख कशाला? सांगायचं की मला, चल म्हणून."

"सांगितलं की तू म्हणतेस, हा शर्ट होऊ दे."

"म्हणते खरी," मुंगी म्हणाली. "मी साक्षीदार आहे."

आईने टेबलावरचे सगळे आकडे फडक्याने पुसले आणि मोठ्या अक्षरात एकच ओळ लिहिली. 'गणवेशांची शेवटची गठडी गेली की तिसऱ्या दिवशी शिवण बंद. बॅग खाली.' त्याखाली तिने साहेबासारख्याच दोन रेघा मारल्या. मग म्हणाली, "करा सही." तिघांनी खडूने सह्या केल्या. तो करार कुठेही नोंदलेला नाही, पण त्यात बारीक अक्षरातलं काही नव्हतं.

सोमवारी बाबांनी फोन लावला. "साहेब, नवीन पॉइंट नकोत. हे शंभर वापरतो आणि सभासदत्व परत करतो."

"परत केलंत तर पैसे मिळणार नाहीत हं!"

"माहीत आहे. पुढची वर्गणी तरी थांबेल. आणि साहेब, तो वरचा डावा दात कसा आहे?"

"दात? कोणता दात?"

"जपा त्याला. त्याने कडक काही फोडू नका. चांगला झालाय तो." एवढं बोलून बाबांनी फोन ठेवला. साहेब अजूनही कोड्यात असेल.

राहिले शेवटचे शंभर पॉइंट. शेवटची गठडी गेली, शाळा उघडल्या, आणि तिसऱ्या दिवशी आईने खरोखरच दाराला पाटी लावली. शांत दिवस होते. मुंगीसोबत राहायला मावशी आली. "जा ना तुम्ही," ती म्हणाली, "मी काय आता साखर खाते का चोरून?" मावशीने तरी डबा वरच ठेवला.

निघायच्या आधी बाबांनी मला लॅबमध्ये नेलं. फुटलेल्या चाकाचं माप घेतलं, मेणाचा साचा केला, आणि कवळीच्या हिरड्यांसाठी जे गुलाबी साहित्य वापरतात त्याचं नवं चाक ओतलं. तीनदा घासून तपासलं. आता माझं एक चाक काळं आहे आणि एक हिरडीसारखं गुलाबी. रस्त्यात लोक बघतात. बघू देत.

दहा रात्री मिळत होत्या. आई सहा राहिली. चार नाही, सहा. माझ्यात एकही शर्ट नव्हता. मीच आतून तपासलं. पहिल्या दिवशी तिला हातांचं काय करावं ते कळेना. दुसऱ्या दिवशी ती दुपारी झोपली. बाबांनी उरलेल्या चाळीस पॉइंटांची आठवण करून दिली, तेव्हा ती पाण्यात पाय सोडून म्हणाली, "जळू देत की. तीनशे जळाले, मला धूरसुद्धा दिसला नाही."

त्याला चार वर्षं झाली. कप्प्यातली फाइल गेली. पुढच्या खोलीत बाबांची भट्टी आहे, आणि समोर आईचं टेबल. दरवर्षी मी खाली येते. कधी साध्या भाड्याच्या खोलीत जाते, कधी फक्त मावशीच्या गावी. टॅग मिळत नाहीत, म्हणून मुंगी चिंधीची गाठ बांधते. सहा टॅग आणि चार गाठी. गाठी एकही वर्ष चुकलेल्या नाहीत.

मित्रांनो, तुमच्या घरीही माळ्यावर माझ्यासारखी कोणीतरी असेल. तिला वर्षातून एकदा खाली काढा, पुसा, चाकं बघा. आणि तुमच्या घरात कोणी थंड सभागृहातून भेटवस्तू घेऊन आलं, तर रागावू नका. त्यांना टेबलाशी बसवा आणि चिंध्या मोजायला लावा. पण बेरीज झाली की एवढंही विचारा, "हे तुम्ही कोणासाठी घेत होतात?" ते उत्तर कुठल्याच पावतीवर नसतं.

बाबांना एकदा वाटलं होतं, ज्याच्या तोंडात आपला दात तो खोटं बोलणार नाही. त्या वेळी ते फसले. आता त्यांच्या हातचं काम माझ्या पायात आहे. म्हणून मी जे सांगितलं ते जपून, तीनदा तपासून सांगितलं आहे.